वास आत्ता वाढला की कमी झाला: सूत्रकृमी रसायनांचा माग कसा काढतो

तुमच्या प्लेटवर जे दिसलं त्यावरून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: सी. एलिगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, प्लेटवर एका कडेला पातळ केलेल्या बेंझाल्डिहाइड या वासाच्या रसायनाचा थेंब ठेवला, तर तासाभरात बहुतेक कृमी त्या थेंबाभोवती गोळा होतात. त्याला नाकपुड्या नाहीत, डोळे नाहीत, आणि मेंदू म्हणायचा तर डोक्यात चेतातंतूंचं एक कडं आहे. मग वास कोणत्या बाजूने येतोय हे त्याला कळतं कसं? आणि तेच बेंझाल्डिहाइड पातळ न करता ठेवलं, तर तेच कृमी उलटे का पळतात?

बरीच वर्षं मी याच प्राण्यावर, याच प्रकारच्या प्लेटांवर काम करतो आहे. म्हणून आधी मुद्द्याचं सांगतो, तपशील मागून. वास कोणत्या बाजूने येतोय हे कृमीला थेट कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच की वास क्षणापूर्वी होता त्यापेक्षा वाढला की कमी झाला. वाढत असेल तर तो चालत राहतो, कमी होत असेल तर वळतो. बाकी बहुतेक सगळं या एका तुलनेतून उभं राहतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा वेगळं आहे. एखादं रसायन हवंसं की नकोसं, हे त्या रसायनावर लिहिलेलं नसतं. ते कोणत्या चेतापेशीने टिपलं आणि कृमीचा आधीचा अनुभव काय होता, यावर ते ठरतं.

आता तपशील. हा कृमी सडणाऱ्या फळांत आणि पालापाचोळ्यात राहतो आणि जिवाणू खातो. जिवाणू दिसण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे अन्न शोधायचं ते जिवाणूंनी हवेत आणि पाण्यात सोडलेल्या रसायनांवरून. डायअसेटिल, आयसोअमाइल अल्कोहोल, ब्यूटॅनोन असे पदार्थ आंबण्याच्या आणि सडण्याच्या क्रियेत तयार होतात, आणि प्रयोगशाळेत कृमी धावतात तेही याच पदार्थांकडे. हवेतून पसरणाऱ्या पदार्थांना आपण वास म्हणतो, पाण्यात विरघळून पोचणाऱ्यांना चव. कृमीतही ही विभागणी ढोबळमानाने टिकते, कारण दोन्हींसाठी वेगळ्या चेतापेशी आहेत.

प्रौढ उभयलिंगी कृमीत एकूण ३०२ चेतापेशी असतात. प्रत्येक कृमीत तेवढ्याच, आणि जवळजवळ त्याच जागी. प्रत्येकीला नाव आहे. सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात हा प्राणी निवडला तो याच कारणासाठी. शरीर काचेसारखं पारदर्शक, पेशी मोजक्या, आणि पिढी साधारण तीन दिवसांत तयार. १९८६ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काप बघून या सगळ्या चेतापेशींच्या जोडणीचा नकाशा छापला. आज एखादी पेशी कोणाशी बोलते असं विचारलं, तर आम्ही त्या नकाशाकडेच जातो.

कृमीचं नाक म्हणजे तोंडाच्या दोन्ही बाजूंना असलेली दोन सूक्ष्म छिद्रं. प्रत्येक छिद्राच्या अवयवाला अँफिड म्हणतात आणि प्रत्येक अँफिडमध्ये १२ चेतापेशींची टोकं येतात. त्यातल्या आठ जणींची टोकं छिद्रातून थेट बाहेरच्या द्रवाला भिडतात. मीठ, आम्ल, कडू पदार्थ, दुसऱ्या कृमींनी सोडलेली रसायनं हे प्रामुख्याने त्यांचं काम. तिघींची टोकं पंखासारखी पसरलेली असतात आणि आवरणपेशीच्या आत झाकलेली असतात. त्यांची नावं एडब्ल्यूए, एडब्ल्यूबी आणि एडब्ल्यूसी. या वासाच्या पेशी. बारावी एएफडी, ती मुख्यतः तापमान ओळखते. शेपटीकडेही अशीच एक छोटी जोडी आहे, फॅस्मिड नावाची, तिच्याविषयी पुढे येईल.

ही छिद्रं खरोखर उघडी आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सुंदर प्रयोग आहे. चरबीत विरघळणाऱ्या चकाकणाऱ्या रंगात जिवंत कृमी तास-दोन तास ठेवायचे, मग स्वच्छ प्लेटवर थोडं फिरू द्यायचं आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. अख्खा कृमी काळा दिसतो आणि डोक्यात मात्र मोजक्या चेतापेशी मण्यांसारख्या उजळलेल्या असतात. त्यांच्या टोकांशी असलेल्या केसासारख्या सिलियातून रंग आत शिरलेला असतो. ज्या म्यूटंट, म्हणजे जनुकात बिघाड असलेल्या, कृमींत हे सिलिया नीट घडत नाहीत, त्यांच्यात रंग शिरत नाही, आणि अशा कृमींना बहुतेक रसायनंही जाणवत नाहीत. नवा विद्यार्थी आला की मी त्याला पहिल्या आठवड्यात हाच प्रयोग करायला लावतो. पुढे आपण ज्या पेशींविषयी बोलणार, त्यातल्या काही तरी एकदा बघितलेल्या बऱ्या.

आता मूळ प्रश्न, दिशेचा. आपण डोकं वळवून दोन कानांनी आवाजाची दिशा ओळखतो, तसं कृमी डाव्या-उजव्या अँफिडची तुलना करत असेल असं मनात येणं साहजिक आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण कृमी प्लेटवर चालताना बघा: तो पोटावर चालत नाही, कुशीवर पडून चालतो. त्याची वळणं पाठ आणि पोट यांच्या दिशेने होतात. म्हणजे अगारवर त्याचं एक अँफिड वर हवेकडे असतं आणि दुसरं खाली अगारकडे. ज्या दिशांतून त्याला निवड करायची आहे, त्या दिशांना ही दोन छिद्रं नाहीतच. शिवाय दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. एवढ्याशा अंतरात वासाच्या तीव्रतेचा फरक नगण्य असतो.

मग उरते ती वेळेतली तुलना. आत्ताचा वास आणि काही सेकंदांपूर्वीचा वास. एक कृमी घ्या आणि स्टीरिओ सूक्ष्मदर्शकाखाली दहा मिनिटं नुसता बघत बसा. आधी तो नागमोडी चालीने पुढे जातो. मग अचानक थांबतो, आल्या वाटेने थोडा मागे सरकतो, आणि शरीर इतकं वाकवतो की नाक जवळजवळ शेपटीला टेकतं. ग्रीक ओमेगा अक्षरासारखा आकार होतो, म्हणून याला ओमेगा वळण म्हणतात. त्यातून सुटला की तो भलत्याच दिशेला निघतो. मागे सरकणं आणि वळणं यांच्या अशा झुबक्याला जोनाथन पिअर्स-शिमोमुरा आणि शॉन लॉकरी यांच्या गटाने १९९९ मध्ये पिरुएट हे नाव दिलं, आणि त्यांनी दाखवलेली गोष्ट या विषयाचा कणा आहे: वासाची किंवा मिठाची तीव्रता वाढत असताना पिरुएट कमी होतात, घटत असताना वाढतात.

यात दिशा कुठेच ठरवलेली नाही. वळल्यानंतरची नवी दिशा बरीचशी यदृच्छेने मिळते. पण चुकीच्या दिशेची वाटचाल लवकर तुटते आणि योग्य दिशेची लांबते. तेवढ्यानेच सगळ्या कृमींचा लोंढा हळूहळू थेंबाकडे सरकतो. जिवाणूही अन्नाकडे याच युक्तीने जातात. एकाच पेशीचा जीव आणि ३०२ चेतापेशींचा प्राणी एकाच उपायाशी येऊन पोचावेत, याचं मला अजूनही नवल वाटतं.

अगारवर कृमी सेकंदाला मिलिमीटरचा दहावा ते पाचवा भाग सरकतो. थेंब चार सेंटिमीटरवर असेल आणि तो नाकासमोर सरळ गेला, तर तीन ते सात मिनिटांत पोचायला हवा. आपल्याला तास लागतो तो या वळणावळणांमुळे.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००९ मध्ये युइची ईनो आणि काझुशी योशिदा यांनी कृमींच्या वाटा बारकाईने मोजल्या आणि दाखवलं की पिरुएट सोडून, पुढे चालत असतानाही कृमीची वाट हळूच जास्त तीव्रतेच्या बाजूला झुकते. हे कसं? पुन्हा डोक्याच्या हेलकाव्यातून. चालताना डोकं आलटून पालटून पाठीच्या आणि पोटाच्या बाजूला झुलत असतं. एका बाजूला गेल्यावर वास किंचित वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला, तर पुढचा हेलकावा जरा वाढत्या बाजूला मोठा होतो. इथे बाजूची माहिती मिळते खरी, पण तीही एकाच नाकाने एकामागून एक घेतलेल्या दोन नमुन्यांतून, म्हणजे वेळेतूनच. म्हणून मी सुरुवातीला 'थेट कळत नाही' असं म्हटलं.

ही तुलना चेतापेशींत कशी होते, हे मला सगळ्यात जास्त आवडणारं प्रकरण आहे. बेंझाल्डिहाइड, ब्यूटॅनोन, आयसोअमाइल अल्कोहोल हे एडब्ल्यूसी पेशी टिपते. डायअसेटिल आणि पायराझिन एडब्ल्यूए टिपते. कोणती पेशी काय टिपते हे कळलं ते लेझरने एकेक पेशी जाळून. कोवळ्या अळीतली एकच पेशी मारायची, अळी मोठी होऊ द्यायची आणि मग तिला वासाच्या प्लेटवर सोडायची. कॉर्नेलिया बार्गमन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी १९९१ मध्ये हे चवीच्या पेशींसाठी केलं आणि मिठाची मुख्य पेशी एएसई असल्याचं दाखवलं. १९९३ मध्ये वासाच्या पेशींचं काम प्रसिद्ध झालं. अशा प्रयोगात हात किती स्थिर लागतो, हे ज्याने ती सूक्ष्मदर्शकाखालची लेझरची किरणं धरली आहेत त्यालाच कळेल.

वास आला की वासाची पेशी जागी होत असेल, असं कोणालाही वाटेल. एडब्ल्यूसी उलट वागते. श्रीकांत चालसानी यांनी बार्गमन यांच्या प्रयोगशाळेत जिवंत कृमीच्या एडब्ल्यूसी पेशीतलं कॅल्शियम (पेशी जागी झाली की ते वाढतं) प्रत्यक्ष बघितलं आणि २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वास दिल्यावर पेशी शांत होते. वास काढून घेतल्यावर ती जोरात पेटते. म्हणजे ती वासाची बातमी देत नाही, वास गेल्याची बातमी देते. ती पेटली की ग्लुटामेट हे निरोप देणारं रसायन सोडते. ते ग्लुटामेट एआयबी नावाच्या पुढच्या पेशीला चेतवतं आणि एआयवाय नावाच्या दुसऱ्या पेशीला दाबतं. एआयबी वळणं वाढवते, एआयवाय वळणं रोखते. वास गेला, एडब्ल्यूसी पेटली, एआयबी जागी झाली, एआयवाय गप्प बसली, कृमी वळला. चार पायऱ्यांत वागणुकीचं स्पष्टीकरण, प्रत्येक पायरीवर नाव घेऊन दाखवता येणारी पेशी. इतक्या स्वच्छपणे हे कुठल्याही मोठ्या प्राण्यात दाखवणं फार कठीण आहे.

आपल्या डोळ्यातल्या प्रकाशपेशीही अशाच उलट्या वागतात. अंधारात त्या चालू असतात आणि प्रकाश पडला की शांत होतात. साम्य वरवरचं नाही. दोन्हीकडे आतला निरोप्या रेणू चक्रीय जीएमपी हाच आहे आणि त्यावर उघडणाऱ्या वाहिन्या एकाच कुळातल्या आहेत.

मिठाच्या बाबतीत निसर्गाने काम वाटून दिलं आहे. एएसई पेशींची जोडी आहे, डावी आणि उजवी, दिसायला सारख्या. डावी मिठाची तीव्रता वाढली की प्रतिसाद देते आणि पुढे चालत राहायला लावते. उजवी तीव्रता घटली की प्रतिसाद देते आणि वळायला लावते. शिवाय डावी सोडियमकडे जास्त संवेदनशील, उजवी क्लोराइडकडे. एडब्ल्यूसीच्या जोडीतही असाच फरक आहे. एक पेशी ब्यूटॅनोन टिपते, दुसरी पेंटेनडायओन. पण कोणती डावी आणि कोणती उजवी, हे प्रत्येक कृमीत नाणेफेक झाल्यासारखं वेगवेगळं ठरतं. दोन बाजू असण्याचा उपयोग दिशा ओळखण्यासाठी न करता जास्त गोष्टी ओळखण्यासाठी केला, ही मला या प्राण्याची फार हुशार काटकसर वाटते.

काटकसरीची गरजही तशीच आहे. कृमीच्या जनुकसंचात रासायनिक रिसेप्टरांची, म्हणजे रसायन टिपणाऱ्या प्रथिनांची, हजाराहून जास्त जनुकं आहेत, आणि रसायनं ओळखणाऱ्या चेतापेशी मात्र काही डझन. आपल्या नाकात प्रत्येक गंधपेशी साधारणपणे एकाच प्रकारचा रिसेप्टर बाळगते. कृमीत एकेका पेशीला अनेक रिसेप्टर सांभाळावे लागतात. यावरून असं वाटेल की एकाच पेशीने टिपलेले दोन वास त्याला वेगळे करता येत नसतील. येतात. अख्ख्या प्लेटमध्ये एक वास सारखाच मिसळून टाकायचा आणि त्यावर दुसऱ्या वासाचा थेंब ठेवायचा. बेंझाल्डिहाइडने भरलेल्या प्लेटवरही कृमी ब्यूटॅनोनचा थेंब शोधून काढतो. दोन्ही एडब्ल्यूसीच टिपते, तरीही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. एकच रसायन कधी हवंसं, कधी नकोसं का?

डायअसेटिलचा रिसेप्टर १९९६ मध्ये सापडला. त्याचं नाव ओडीआर-१० आणि तो एडब्ल्यूए पेशीत असतो. हे जनुक बिघडलं की कृमी पातळ डायअसेटिलकडे जात नाही, बाकी वास मात्र त्याला नीट येतात. पुढच्याच वर्षी एमिली ट्रोमेल आणि बार्गमन यांच्या गटाने एक साधा वाटणारा बदल केला. हा रिसेप्टर एडब्ल्यूए पेशीतून काढला आणि एडब्ल्यूबी पेशीत बसवला. एडब्ल्यूबी ही पळायला लावणाऱ्या वासांची पेशी आहे. रेणू तोच, रिसेप्टर तोच, पण आता कृमी डायअसेटिलपासून दूर पळू लागला. डायअसेटिलमध्ये 'चांगलं' असं काहीच नव्हतं. चांगलं-वाईट हे त्या पेशीच्या पुढच्या जोडणीत होतं. हा निकाल मी शिकवतो तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलत नाही.

हे लक्षात घेतलं की तुमच्या प्लेटवर काय झालं ते उलगडतं. पातळ बेंझाल्डिहाइड एडब्ल्यूसी टिपते आणि कृमीला ओढते. पण रसायन फार तीव्र झालं की ते टाळायला लावणाऱ्या पेशींनाही पोचतं. त्यातली महत्त्वाची एएसएच. ती त्रासाची पेशी आहे: फार खारट, कडू क्विनिन, तांब्याचे क्षार, डिटर्जंट, इतकंच नव्हे तर नाकाला लागलेला धक्कासुद्धा तीच टिपते. तीव्र आयसोअमाइल अल्कोहोलच्या बाबतीत टाळण्यामागे ही एएसएच असल्याचं दाखवलं गेलं आहे, आणि तीव्र डायअसेटिलसाठीही तिच्यात वेगळा रिसेप्टर सापडला आहे. म्हणजे एकच रेणू दोन दारांनी आत येतो. कमी असला तर एकाच दाराने, जास्त असला तर दोन्ही दारांनी, आणि दुसऱ्या दाराचा आवाज मोठा आहे.

एएसएचचं काम बघायचं असेल तर फार सोपं आहे. पुढे चाललेल्या कृमीच्या वाटेत, अगदी नाकासमोर, काचेच्या बारीक नळीने सोडियम डोडेसिल सल्फेट या डिटर्जंटचा अत्यंत छोटा थेंब टेकवा. नाक थेंबात गेलं की तो दचकल्यासारखा थांबतो आणि लगेच मागे सरकतो. आता तोच थेंब शेपटीलाही लागला, तर मागे सरकणं कमी होतं. शेपटीच्या फॅस्मिड पेशी सांगत असतात की मागेही तेच आहे. पुढचा त्रास आणि मागचा त्रास यांची वजाबाकी एवढ्याशा प्राण्यात चालू असते.

अनुभवाचा भाग तितकाच मोठा आहे आणि इथेच नवखे लोक फसतात. कृमीला एखाद्या वासात तासभर अन्नाशिवाय ठेवलं, तर तो त्या वासाकडे जाणं सोडतो, पण दुसरे वास त्याला व्यवस्थित येतात. वास आहे पण अन्न नाही, मग तो वास कशाला पाळायचा? लांब वेळ अशी सवय झाली की ईजीएल-४ नावाचं प्रथिन एडब्ल्यूसी पेशीच्या केंद्रकात शिरतं, आणि पेशीतली ती सवय बराच काळ टिकते. मिठाचंही तसंच. ज्या तीव्रतेच्या मिठावर कृमी जेवला, ती तीव्रता तो पुढे शोधत जातो. ज्या तीव्रतेवर उपाशी राहिला, ती टाळतो. ही आठवण बरीचशी उजव्या एएसई पेशीशी बांधलेली आहे.

आणि आजारपणाचीही आठवण असते. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू कृमीला सुरुवातीला आकर्षक वाटतो. तो खाऊन आतड्यात संसर्ग झाला की काही तासांत कृमी त्याचा वास टाळायला शिकतो. २००५ मध्ये युन झांग यांनी बार्गमन यांच्या प्रयोगशाळेत हे दाखवलं, आणि त्यामागे एडीएफ या अँफिडमधल्या पेशीतलं वाढलेलं सेरोटोनिन हे निरोप देणारं रसायन असल्याचंही. पोट बिघडलं की एखाद्या पदार्थाचा वासही नकोसा होतो, तीच गोष्ट.

माझ्याबाबतीत घडलेलं सांगतो, कारण तुमच्या प्लेटांतही हे होऊ शकतं. मी नवीन असताना एका म्यूटंट जातीची तपासणी करत होतो. तीन आठवडे सलग माझा निर्देशांक, म्हणजे कृमी वासाकडे किती गेले हे सांगणारा आकडा (त्याचा हिशोब पुढे येईल), शून्याच्या आसपास येत होता. म्यूटंट वास ओळखत नाही असा निष्कर्ष मी वहीत लिहूनही टाकला. मग लक्षात आलं की तुलनेसाठीचे साधे कृमीही त्या आठवड्यांत नीट चालले नव्हते. प्रयोगाच्या प्लेटा आणि वाट बघणाऱ्या कृमींच्या प्लेटा मी एकाच बंद डब्यात ठेवत होतो. बेंझाल्डिहाइडची वाफ डब्यात भरून राहिली होती आणि प्रयोग सुरू होण्याआधीच सगळ्या कृमींना त्या वासाची सवय होऊन गेली होती. डबा बदलला, वासाच्या प्लेटा वेगळ्या खोलीत नेल्या, आणि दोन दिवसांत साधे कृमी पुन्हा थेंबाकडे धावू लागले. म्यूटंटही धावू लागला. त्याच्यात कसलाच दोष नव्हता.

म्हणून प्लेट मांडताना काय सांभाळायचं ते नीट सांगतो. कृमी पोटभर खाल्लेले, नुकतेच प्रौढ झालेले, सगळे एकाच वयाचे असावेत. बफरने, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने, तीनदा तरी धुवा, कारण त्यांच्याबरोबर आलेले जिवाणू हेच प्लेटवरचं सगळ्यात मोठं आकर्षण ठरतं. धुण्यात वेळ घालवू नका. अर्धा तास पाण्यात घुटमळलेला कृमी उपाशी कृमी असतो. प्लेटवर सोडल्यावर उरलेलं पाणी कागदाच्या टोकाने टिपून घ्या, नाहीतर ते त्या थेंबातच पोहत बसतील. एका बाजूला इथेनॉलमध्ये पातळ केलेला वास, समोरच्या बाजूला नुसतं इथेनॉल, आणि दोन्ही जागी आधी सोडियम अझाइडचा एक-एक मायक्रोलिटर. अझाइडमुळे पोचलेला कृमी तिथेच थिजतो. नाहीतर तासाभराने वासाची सवय झालेले कृमी पुन्हा निघून जातात आणि तुमची मोजणी खोटी ठरते. अझाइड अत्यंत विषारी आहे: हातमोजे घाला, आम्लाशी त्याची गाठ पडू देऊ नका, आणि ते बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत गोळा करा.

मोजणी सोपी आहे. वासाकडचे कृमी वजा इथेनॉलकडचे कृमी, भागिले सगळे कृमी. १५० पैकी १२० वासाकडे, १० इथेनॉलकडे आणि २० मध्येच कुठेतरी असतील, तर ११० भागिले १५०, म्हणजे ०.७३. सगळे वासाकडे गेले तर १, सगळे उलट गेले तर उणे १. एक लक्षात ठेवा: शून्याचे दोन अर्थ होतात. कृमींना वास आला नाही हा एक, आणि कृमी हललेच नाहीत हा दुसरा. मध्ये किती उरले ते न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची वही मी परत करतो. आणि मोजणाऱ्याला कोणती प्लेट कोणाची हे माहीत नसलेलं बरं. आपल्याला हवा तो निकाल दिसायला लागतो, हे मी स्वतःच्या मोजणीत पाहिलं आहे.

हे सगळं फक्त प्रयोगशाळेतल्या एका प्राण्यापुरतं आहे असं समजू नका. मुळांत गाठी करणारे सूत्रकृमी मातीत मुळांचा माग रसायनांवरूनच काढतात. मक्याच्या मुळांना कीड लागली की ती मुळं कॅरिओफिलीन नावाचं सुगंधी रसायन सोडतात आणि त्यावरून कीड खाणारे सूत्रकृमी तिथे येतात. सर्जिओ रासमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की मक्याच्या सगळ्याच वाणांना हे जमत नाही. माणसाच्या त्वचेतून शिरणारा स्ट्राँगिलॉइडीस हा कृमीही त्वचेतल्या युरोकॅनिक आम्लाकडे ओढला जातो. या सगळ्यांची नाकं एकाच आराखड्यावर घडलेली आहेत.

कृमी आपापसातही रसायनांतून बोलतात. अ‍ॅस्कॅरोसाइड नावाचे रेणू ते सतत बाहेर टाकत असतात. गर्दी वाढली आणि अन्न कमी पडलं की या रेणूंची मात्रा वाढते, आणि त्यावरून कोवळ्या अळ्या डाउअर नावाच्या टिकाव धरणाऱ्या अवस्थेत जातात. ती अवस्था न खाता महिनोन्महिने तग धरू शकते. आर्थ्रोबोट्रिस नावाची बुरशी कृमींना चिकट जाळ्यात पकडून खाते, आणि ती हेच अ‍ॅस्कॅरोसाइड ओळखून जाळी विणायला घेते. एवढंच करून ती थांबत नाही. कृमीच्या अन्नाच्या वासाशी मिळतीजुळती रसायनंही ती सोडते, आणि ती टिपते कोण? एडब्ल्यूसी. ज्या पेशीने कृमीला अन्नाकडे न्यायचं, तिचाच वापर बुरशी त्याला जाळ्यात आणण्यासाठी करते.

आता तुमच्या प्लेटेचं करायचं काय? बेंझाल्डिहाइडची एक शिडी करा: पातळ न केलेलं, दहात एक, शंभरात एक, दोनशेत एक, हजारात एक, दहा हजारात एक. प्रत्येक पायरीच्या किमान तीन प्लेटा, सगळ्या एकाच दिवशी, वेगवेगळ्या डब्यांत. बाटली जुनी असेल तर नवी घ्या, कारण बेंझाल्डिहाइड हवेशी लागून हळूहळू बेंझोइक आम्लात बदलतं. पातळ केलेलं रोज ताजं करा. वरच्या एक-दोन पायऱ्यांवर निर्देशांक उणे, मधल्यांवर अधिक आणि शेवटी शून्याकडे, असा आलेख आला तर तुमच्या कृमींचं नाक ठीक आहे. सगळ्या पायऱ्यांवर शून्य आलं तर आधी धुणं तपासा, मग कृमींचं वय, मग डबा. आणि हजारात एकलाही ते पळत असतील तर वासाच्या थेंबाऐवजी नुसतं इथेनॉल दोन्हीकडे ठेवून एक प्लेट लावा. मग कृमी कोणत्या बाजूला जमतात ते मला कळवा, पुढे काय शोधायचं ते आपण त्यावरून ठरवू.